गुन्हेपटात आम्ही कुठे? ठाणे-नवी मुंबईच्या लेखक-दिग्दर्शकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऐरोलीत राहते. डाव्या पायाला लहानपणीचा पोलिओ, हातात कुबडी, आणि पोटापाण्याला दुसऱ्यांच्या पटकथा वाचून संवाद दुरुस्त करण्याचं काम. ठाण्यात, कोपरखैरण्यात, पनवेलकडे लघुपट करणारी बरीच मुलंमुली फोन करतात. बहुतेकांच्या गोष्टीत एक खून असतो आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींत एक आंधळा म्हातारा. प्रश्नही ठरलेले. फोनवर तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून एकदा लिहून काढलं.

आमची गोष्ट खुनाची आहे, अपंगत्वाची नाही. मग त्यात अपंग पात्र कशाला हवं?

खून होतो कुठे? तुर्भ्याला, कळव्याला, नाहीतर घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये. तिथे आम्ही आधीच राहतो, आम्हाला मुद्दाम आणावं लागत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली होती. त्यानंतर २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ वर नेले. या २१ मध्ये ॲसिड हल्ल्यात जखमी झालेल्या व्यक्तीही येतात, म्हणजे गुन्ह्यातून आलेलं अपंगत्व कायद्याच्या यादीतच आहे. गुन्हेपट लिहिणाऱ्याने निदान ती यादी एकदा वाचावी.

पण मला आकड्यांपेक्षा दुसरं कारण पटतं. गुन्ह्याची गोष्ट म्हणजे कोणाला काय कळलं, कधी कळलं आणि कसं कळलं याची गोष्ट. आणि कळतं ते शरीराला. लोकलचा दिव्यांग डबा फलाटावर नेमका कुठे येणार, हे अंध प्रवाशांना समजावं म्हणून त्या जागी बीप-बीप असा आवाज करणारं यंत्र बसवलेलं असतं. ठाण्याला ट्रान्स हार्बरच्या नऊ-दहा नंबरवर किती माणसं जातात येतात! त्यातल्या कितींना तो आवाज कशाचा हे सांगता येईल? आता असं समजा की चोर पळत पळत आला आणि गर्दी टाळायला आमच्या डब्यात चढला. जनरल डब्यात तो सहज विरघळला असता. आमचा डबा छोटा, चेहरे रोजचे, कोण कुठे उतरतं ते सगळ्यांना पाठ. तिथे धडधाकट माणूसच उठून दिसतो. ‘कार्ड आहे का हो?’ असं विचारणारं कोणीतरी रबाळे यायच्या आत भेटतंच. पाठलागाचा हा प्रसंग मला आजवर एकाही पटकथेत वाचायला मिळालेला नाही. हवा असेल तर घ्या, पैसे नकोत.

खलनायक अपंग दाखवला तर चालेल का? लोक चिडतील ना?

चालेल. मी तर तसा खलनायक मागतेच. आम्हाला नेहमी एक तर सोशिक दाखवतात, नाहीतर देवमाणूस. चोरी, फसवणूक, सूड या मानवी कर्तबगारीत आमचाही वाटा असायला हरकत नाही.

राग येतो तो आळसाचा. मनातलं वाकडेपण दाखवायला शरीर वाकडं करायचं, ही युक्ती मंथरेच्या कुबडाइतकी जुनी आहे. गालावर व्रण, पायात लंगडेपण, एका डोळ्यात फूल, की झाला गुंड तयार. लेखकाला मग त्याचा हेतू लिहावाच लागत नाही. मी एक चाचणी सांगते. पटकथेतून त्याचं लंगडणं खोडा. हेतू अजून जागेवर असेल तर पात्र ठीक आहे. हेतूही गेला असेल, तर तुम्ही तो त्याच्या पायावर लिहिला होता.

उलट बाजूने एक पात्र बघा. वागळे इस्टेटमधल्या किंवा टीटीसीतल्या (ठाणे खाडीपलीकडचा औद्योगिक पट्टा) एखाद्या छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर अंगठ्यासकट दोन बोटं गेलेला कामगार. असे लोक इथे तुम्हाला चहाच्या टपरीवर भेटतील. मालकाने भरपाई टाळली, पीएफचे कागद लपवले, आणि हा एका रात्री ऑफिसातली रोकड उचलतो. आता अंगठा गेल्यावरही हजेरीच्या मशीनमध्ये त्याच अंगठ्याची नोंद रोज पडत असेल तर? म्हणजे आत कोणीतरी हजेरीचा घोटाळा करतंय, आणि चोरीचा तपास करणारा फौजदार मालकाच्याच दारात येऊन थांबतो. इथे अपंगत्व कथानकाचा खिळा आहे. तो माणूस चोर आहे, बायकोशी खोटं बोलतो, आणि तरी त्याची बाजू कळते. असा खलनायक द्या, पहिली टाळी माझी.

अंध माणूस साक्षीदार कसा होईल? त्याने तर काही पाहिलेलंच नाही.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पटकथांमध्ये वकील उठून ‘युवर ऑनर, साक्षीदार आंधळा आहे’ म्हणतो, कोर्टात हशा पिकतो आणि साक्ष संपते.

कायदा असं म्हणत नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाटण जमाल वली या खटल्यात निकाल दिला. फिर्यादी मुलगी जन्मापासून अंध होती. आरोपी भावाच्या ओळखीचा, घरी येणारा, त्यामुळे तिने त्याला आवाजावरून ओळखलं होतं. अपंगत्व आहे एवढ्यावरून साक्ष कमकुवत मानता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. अंध माणूस ज्या पद्धतीने जगाला ओळखतो, ती पद्धतही ओळखच आहे.

पटकथेला उपयोगी पडतील अशा आणखी दोन गोष्टी. अपंग साक्षीदाराला जबाबासाठी पोलीस ठाण्यात हजर राहायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी त्याच्या राहत्या जागी जायचं असतं. (ठाण्याच्या माणसाला ठाण्यात बोलावू नये, असा विनोद आमच्याकडे चालतो.) आणि ओळख परेड असेल तर ती दंडाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, त्या व्यक्तीला जमेल अशा पद्धतीने घ्यायची आणि तिचं चित्रीकरण करायचं. म्हणजे पाच माणसांना एकच वाक्य बोलायला लावून आवाजाची परेड. कॅमेऱ्यासाठी हा केवढा मोठा प्रसंग आहे! पाच जण ओळीने बोलतायत, आणि खरा आरोपी आवाज बदलायचा प्रयत्न करताना दम लागून आधी श्वास घेतो.

एकच विनंती. त्या साक्षीदाराला कृपया ‘सहावं इंद्रिय’ देऊ नका. अत्तराच्या वासावरून खुनी पकडणारा, दोनशे फुटांवरची पावलं मोजणारा आंधळा खरा नसतो. दृष्टी गेली म्हणून कान जादूचे होत नाहीत, सवयीने माणूस जास्त लक्ष देऊन ऐकतो इतकंच. आणि तो चुकतोही. साक्षीदार थोडा चुकला, तरच उलटतपासणीत जीव येतो.

आमची नायिका कर्णबधिर आहे. ती लांबून ओठ वाचून खुनाचा कट ओळखते. ठीक ना?

नाही. आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता म्हणा : पाप, बाप, माप. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतात. तसंच ‘मारलं’ आणि ‘पारलं’, ‘मोठा’ आणि ‘पोटा’. क, ख, ग तर घशातच बनतात, ओठांवर काही येतच नाही. त्यात समोरच्याला मिशी असेल, तोंडात तंबाखूचा बार असेल, अंधार असेल तर विचारूच नका. ओठ वाचणारी व्यक्ती बरंचसं संदर्भावरून जुळवत असते.

पण हाच धागा धरला तर गोष्ट जास्त चांगली होते. नायिकेने काचेपलीकडून एक वाक्य वाचलंय, ‘बापाला ठाऊक आहे’. पोलीस सगळ्या बापांमागे लागतात. मध्यंतरानंतर तिला कळतं की तो शब्द ‘मापाला’ होता, बोलणारा शिंपी होता, आणि... पुढचं तुम्ही लिहा.

कोर्टात तिने खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानली जाते. त्यासाठी न्यायालयाने दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची असते आणि जबाबाचं चित्रीकरण व्हावं लागतं. हे जुन्या पुरावा कायद्यात होतं आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. दुभाषी हे पात्र फार दुर्लक्षित आहे. दोन्ही बाजूंचं सगळं त्याच्या हातांतून जातं. तो प्रामाणिक नसेल तर?

सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीचं नसतं, त्यामुळे अनेक कर्णबधिर लोकांची लिहिलेली मराठी मोडकीतोडकी वाटते. ‘मी काल तो दुकान चाकू बघ’ असं काहीतरी. हवालदाराला वाटतं, बाई मंद आहे. प्रेक्षकालाही वाटू द्या, आणि मग दुभाष्याच्या तोंडून तीच हकीकत लख्ख ऐकवा.

खुनी ठाण्याच्या मनोरुग्णालयातून पळालेला दाखवायचाय. शहराचीच ओळख आहे ना ती?

ओळख आहे, म्हणूनच सांगते, थांबा. प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं. राज्यात अशी चार आहेत : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठीत ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद झाला तो या इमारतीमुळे. माझ्या मामाकडे गावी मी ‘ठाण्याजवळ राहते’ म्हटलं की आजही कोणीतरी हसतं. रुग्णालयाच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांना त्या हसण्याची सवय झालीय. आतल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना झालेली नाही. बरा होऊनही घरचे न्यायला येत नाहीत म्हणून आतच राहिलेला माणूस, ही या विषयातली जास्त भीतीदायक गोष्ट आहे.

पळून आलेला वेडा खुनी ही कल्पना लेखनाच्या दृष्टीनेही फुकट आहे. त्याला हेतू लागत नाही आणि पुरावा लागत नाही, म्हणजे रहस्य उरतच नाही. वास्तवात गंभीर मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याचीच शक्यता जास्त असते.

कायद्याची बाजू खरोखर नाट्यमय आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (पूर्वी भारतीय दंड संहितेचं ८४) सांगतं की कृत्याच्या वेळी मनोविकृतीमुळे त्या कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक आहे हे कळण्याची क्षमताच नव्हती, तर तो गुन्हा ठरत नाही. मूळ इंग्लंडमधल्या १८४३च्या मॅक्नॉटन खटल्यात. म्हणजे नुसतं निदान पुरत नाही, प्रश्न त्या नेमक्या क्षणाचा असतो. चाकू धुऊन ठेवला का? दार आतून लावलं का? शेजारणीशी खोटं बोलला का? या तीन प्रश्नांवर अख्खा चित्रपट उभा राहतो, आणि कोणालाही भिंतीवरून उडी मारायला लागत नाही.

शेवटी कळतं की तो आंधळा नव्हताच! हा धक्का कसा वाटतो?

जुना वाटतो. हॉलिवूडने १९९५ मध्ये ‘द युजुअल सस्पेक्ट्स’मधून लंगडण्याचं सोंग दाखवून लोकांना खुर्चीत बसवलं, आणि २०१८च्या ‘अंधाधुन’चा तर पायाच हा आहे. ते उत्तम रचलेलं आहे, कारण तिथे सोंग शेवटचा धक्का नाही, सुरुवातीलाच उघड होतं आणि नायकाच्या गळ्यात अडकतं.

धक्क्यासाठी धक्का म्हणून वापराल तर त्याची किंमत कोण देतं ते माहीत असू द्या. अल्पदृष्टी असलेला माणूस पांढरी काठी घेऊन चालतो आणि मोबाइलही नाकाशी धरून वाचतो. डब्यातले लोक त्याला म्हणतात, ‘नाटकं करतोय’. माझी कुबडी मी एकदा भिंतीला टेकवून दोन पावलं चालले, तर एका तपासनिसाने माझं प्रमाणपत्र तीनदा उलटंपालटं केलं.

अपंग पात्रासाठी अपंग कलाकारच घ्यायचा का?

आधी शोधा तरी. ‘मिळत नाहीत’ म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांनी विचारलेलंच नसतं. नवी मुंबई महापालिकेचं वाशीत अपंगांसाठी शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे, शहरात विशेष शाळा आहेत, त्यांची स्नेहसंमेलनं होतात, तिथे जाऊन बसा. मराठीतच २०१४ मध्ये ‘यलो’त डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळने काम केलं. त्याच्या कितीतरी आधी सुधा चंद्रन यांनी स्वतःच्या आयुष्यावरच्या चित्रपटात जयपूर फूट लावून नृत्य केलं.

मी हट्टी नाही. अपघाताआधीचे आणि नंतरचे प्रसंग असतील तर अडचण मला कळते. पण मग निदान दुसरी एखादी भूमिका द्या, जिचा अपंगत्वाशी काही संबंध नाही. कुबडी घेतलेली सरकारी वकील का नसावी? तिच्या कुबडीबद्दल कोणी एक अक्षर बोलू नये. मला व्यक्तिशः हेच सर्वांत आवडेल.

व्हीलचेअर कुठे भाड्याने मिळेल?

मेडिकलच्या दुकानात, पण ती हॉस्पिटलची असते, मागून ढकलायची. वीस वर्षं खुर्ची वापरणाऱ्या पात्राची खुर्ची मापाची आणि हलकी असते, तिला स्वतःच्या सवयी असतात. भाड्याची खुर्ची पडद्यावर आम्हाला लगेच कळते, पोलिसाच्या वर्दीवर चुकीच्या फिती असाव्यात तशी.

शब्द कोणता वापरायचा? अपंग, विकलांग की दिव्यांग?

सरकारी कागदावर दिव्यांग. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही सुरू केला. आमच्यातल्या अनेकांना तो शब्द गोड वाटत नाही. माझ्या पायात दिव्य काही नाही. मी ‘अपंग’ म्हणते. मूकबधिर नको, कर्णबधिर म्हणा. मतिमंद नको, बौद्धिक अक्षमता म्हणा. शंका आली की त्या माणसाला विचारा.

संवादात मात्र गुंड गुंडासारखाच बोलेल. मला चित्रपटात कोणी ‘ए लंगडे’ म्हटलं तर चालेल, बघायचं इतकंच की कॅमेरा त्या वेळी कोणाबरोबर हसतो.

सेन्सॉर अडवेल का? कायद्याचा त्रास होईल का?

प्रमाणपत्रासाठीच्या १९९१च्या मार्गदर्शक तत्त्वांत शारीरिक-मानसिक अपंगांची टिंगल करणाऱ्या दृश्यांचा उल्लेख आहेच. पण वाचायला हवा तो ८ जुलै २०२४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. ‘आँख मिचोली’ या चित्रपटावरून निपुण मल्होत्रा यांनी केलेली ती याचिका होती. न्यायालयाने चित्रपटात कापाकापी केली नाही, मात्र दृकश्राव्य माध्यमांसाठी दिशा आखून दिली. अपंगत्व समजून घेणारा विनोद वेगळा आणि अपंगांना हिणवणारा विनोद वेगळा, हा फरक मांडला. हिणवणारी भाषा टाळा, अपुऱ्या वैद्यकीय माहितीवर पात्र रचू नका, आणि आमच्याबद्दल काही ठरवताना आम्हाला विचारा. मला यात अडवणूक दिसत नाही. हा तर अभ्यासक्रम झाला.

वैविध्य म्हणजे फक्त अपंगत्व का?

छे. तुमच्या गोष्टीतले चोर कोणती भाषा बोलतात ते बघा. भाईचे पंटर आगरी-कोळी हेलात आणि इन्स्पेक्टर पुस्तकी मराठीत, असं असेल तर थांबा. ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर ही शहरं उठली त्यांची बोली गुंडगिरीचं चिन्ह झाली, हे कोणी ठरवलं? मुंब्र्याचं नाव घेतलं की पार्श्वसंगीत बदलायचं, हीसुद्धा तीच सवय. तृतीयपंथी पात्र फक्त सिग्नलवर टाळ्या वाजवताना दिसतं, तेही त्यातलंच.

एक गोष्ट मात्र गुन्हेपटाच्या थेट गाभ्यातली आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का पुसला गेला. कायद्यातून पुसला, तपासातून नाही. दरोडा पडला की आधी पालावर जीप जाते. अशा गोष्टीत पारधी पात्र ठेवायचं असेल तर संशयिताच्या जागी ठेवा हवं तर, पण तो संशय कुठून आला हे कॅमेऱ्याला ठाऊक असू द्या.

ऑडिओ वर्णन (पडद्यावरचं दृश्य अंध प्रेक्षकाला आवाजात सांगणं) आणि कॅप्शन करायलाच हवेत का? आमचं बजेट छोटं आहे.

माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांतल्या प्रदर्शनासाठी यासंबंधीच्या सूचना काढल्या आहेत. लघुपट मोबाइलवर सोडणार असाल तरी करा. कॅप्शन तर घरी बसून होतात. फक्त संवाद लिहू नका, ‘दूरवर लोकलचा भोंगा’ हेही लिहा, कारण खून त्या भोंग्याच्या आवाजात झालाय.

रहस्यपटाचं ऑडिओ वर्णन हा मात्र वेगळाच खेळ आहे. पडद्यावर काळ्या रेनकोटमधला माणूस मासुंदा तलावाच्या कठड्याशी उभा आहे. डोळस प्रेक्षकाला चेहरा दिसत नाही. वर्णन करणाऱ्याने चुकून नाव घेतलं की अंध प्रेक्षकाचं रहस्य विसाव्या मिनिटाला संपलं. आणि ‘एक अनोळखी माणूस’ म्हटलं, पण तोच बूट आधीच्या प्रसंगात दिसला होता, तर डोळस माणसाला मिळालेला धागा अंधाला मिळालाच नाही. म्हणून बुटांचं वर्णन दोन्हीकडे सारख्याच शब्दांत करायचं. वर्णन लिहिणाऱ्याला संपूर्ण पटकथा आधी द्या, आणि खुनी कोण हेही सांगा.

सल्ला देणाऱ्या अपंग व्यक्तीला पैसे द्यायचे का?

हो. कॅमेरामनला देता ना?

आमची पटकथा वाचाल का?

वाचते. फक्त पानांचे फोटो काढून पाठवू नका, युनिकोडमध्ये टाइप केलेली पाठवा. माझ्याबरोबर एक दृष्टिहीन मित्र वाचतात, आणि फोटोतली अक्षरं त्यांच्या स्क्रीन रीडरला धड वाचता येत नाहीत. पात्रांची यादी सुरुवातीला देऊ नका, असं त्यांचं म्हणणं आहे. यादीत ज्याच्या नावापुढे ‘मनमिळाऊ शेजारी’ लिहिलेलं असतं, तोच खुनी निघतो.